स्वयंचल घड्याळ : किल्ली द्यावी की न द्यावी?

"ऑटोमॅटिक घड्याळाला किल्ली द्यावी लागते का हो?" हा प्रश्न आम्हाला जितक्या वेळा विचारला गेला आहे तितका घड्याळाविषयीचा दुसरा कोणताही प्रश्न विचारला गेला नसेल. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, व्यापारी असतात, वकीलही असतात. 'नाही' असे उत्तर दिले तर महिन्याभराने ते घड्याळ बंद पडले म्हणून घेऊन येतात, आणि 'होय' म्हटले तर "मग ऑटोमॅटिक कसले?" म्हणून आमच्याकडेच संशयाने पाहतात. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत. पुरते उत्तर द्यायचे तर थोडे घड्याळाच्या पोटात शिरावे लागेल.

नरडाण्यासारख्या गावी घड्याळावर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलट आहे. एका अंगाने सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि दुसऱ्या अंगाने मुंबई-आग्रा रस्ता, अशा दोन घाईच्या वाटांवर बसलेल्या या गावाला वेळेचे मोल मुद्दाम सांगायला नको. उत्तरेला शिरपूर, दक्षिणेला धुळे, पूर्वेला अमळनेर. कोठेही जायचे तर आधी मनगटाकडे पाहावे लागते. आणि गंमत अशी, की मनगटावर जी वेळ दिसते ती नरडाण्याची नव्हेच. १ जानेवारी १९०६ पासून आपण साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ पाळतो. नरडाणा त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरीने साडेबाराच्या सुमाराला. जुनी माणसे सावली पाहून "बारा वाजले" म्हणत आणि घड्याळवाले त्यांना हसत. खरे पाहता सावली गावाची वेळ सांगत होती आणि घड्याळ देशाची. असो.

प्रथम घरचीच एक हकीकत सांगतो, कारण आम्ही हा विषय शिकलो तो तिच्यामुळे.

आमच्या वडिलांकडे एक ऑटोमॅटिक घड्याळ होते. नोकरीत असताना ते सायकलवरून चार-पाच गावे हिंडत, आणि त्या सगळ्या वर्षांत ते घड्याळ बंद पडल्याचे आम्हाला आठवत नाही. निवृत्तीनंतर गुडघे धरले. हिंडणे ओट्यापुरते राहिले. मग घड्याळ पहाटे केव्हातरी थांबू लागले. वडील उठत, काटे पाहत, "अजून अडीचच वाजलेत" म्हणून पुन्हा आडवे होत, आणि उन्हे अंगावर आली की ओशाळत. एकदा डोळे दाखवायला अमळनेरला जायचे होते. घड्याळ रात्रीतून थांबून, सकाळी हात हलल्यावर पुन्हा चालू झाले होते. काटे चालताना दिसले म्हणून वडिलांना शंका आली नाही, आणि त्यांच्या वेळेप्रमाणे ते स्टेशनावर अगदी वेळेत पोचले. गाडी केव्हाच गेली होती. डोळे राहिले बाजूला. 'आपलेच आता काही नीट राहिले नाही' हे त्यांच्या मनाने घेतले. औषधाच्या गोळ्यासुद्धा ते आईला दोनदोनदा विचारून घेऊ लागले.

घड्याळ एका दुकानात दिले. ते म्हणाले, आतली कमान बदलावी लागेल. बदलली, पैसे दिले, आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात सफाई केली, तेल दिले, पुन्हा तेच. अखेर बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या घड्याळजीपुढे ते ठेवले. त्याने ते उघडलेच नाही. नुसते कानाशी धरले आणि विचारले, "हाई घडी कोन घालस?" आम्ही सांगितले, वडील घालतात. "काय करतस त्या?" काही नाही, घरीच असतात, गुडघे दुखतात. त्याने घड्याळ परत आमच्या हातात ठेवले. म्हणाला, "घडी बिघडेल नही शे. हात बसेल शे."

या दोन वाक्यांत स्वयंचल घड्याळाचे सारे शास्त्र आले. आता ते उलगडून पाहू.

कोणतेही यांत्रिक घड्याळ चालते ते एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीवर. तिला आपण कमान म्हणतो. ती एका लहान गोल डबीत बसवलेली असते. किल्ली दिली की ती आवळली जाते आणि मग सावकाश सैल होताना चाकांना ढकलते. पण नुसती सुटली तर क्षणात उलगडून जाईल. म्हणून शेवटच्या चाकापुढे एक खिटी असते, ती एका वेळी एकच दात सोडते. खिटीला हुकूम देते ते झुलते चाक, ज्याला घड्याळजी बॅलन्स म्हणतात, आणि त्याला मागेपुढे झुलवते केसासारखी बारीक दुसरी एक कमान. आपण 'टिकटिक' ऐकतो ती त्या खिटीची. जुन्या घड्याळांत हे झोके तासाला १८,००० असतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचा हिशेब केला तर ४,३२,००० होतात. पुराणांनी कलियुगाची वर्षे सांगितली आहेत तीही तितकीच. योगायोगच, पण एवढेसे चाक रोज एक कलियुग मोजून पुरे करते, हे मनात आले की त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

साध्या घड्याळात ही मोठी कमान आपण रोज सकाळी बोटांनी आवळतो. ऑटोमॅटिकमध्ये या व्यवस्थेत काहीही बदल नाही; फक्त आवळणारा बदलला. घड्याळाच्या पाठीकडच्या बाजूला धातूची एक जड अर्धचकती मधोमध खिळलेली असते. तिची एक बाजू जड असल्यामुळे हात हलला की ती खाली यायला पाहते आणि फिरते. बैलगाडीचे चाक चिखलात फिरावे तशी ती नेटाने फिरत नाही, झोपाळ्यासारखी सैल फिरते; पण दातेरी चाकांच्या मालिकेतून तिचे बरेच फेरे मिळून कमानीला थोडासा पीळ बसतो. काही घड्याळांत ती दोन्ही दिशांनी फिरताना पीळ देते, काहींत एकाच दिशेने. दिवसभरात साधारण साडेसहाशे ते आठशे फेरे झाले की घड्याळाचे भागते.

म्हणून 'स्वयंचल' हे नावच फसवे आहे. ते स्वतःच्या बळावर चालत नाही, घालणाऱ्याच्या हालचालीवर चालते. पेढीवर बसणाऱ्यांना ही गोष्ट चटकन कळेल, कारण हा सरळ जमाखर्च आहे. हात हलला ती जमा, काटे फिरले तो खर्च. खर्च रात्रंदिवस चालू असतो, जमा फक्त जागेपणी. कमान पूर्ण भरलेली असेल तर बहुतेक घड्याळे सुमारे चाळीस तास शिलकीवर चालतात. हमाली करणारा, पेरणी-कोळपणी करणारा, बस चालवणारा, घरात दहा वेळा उठबस करणारी गृहिणी, यांची शिल्लक कायम भरलेली असते. गादीवर बसून हिशेब लिहिणारे, दिवसभर संगणकापुढे बसणारे आणि घरी बसलेली वृद्ध मंडळी यांची शिल्लक रोज थोडी थोडी खाली जाते, आणि एके दिवशी पहाटे खाते रिकामे होते. दोष घड्याळाचा नसतो आणि माणसाचाही नसतो. कमान संपत आली की झुलत्या चाकाचा झोकाही लहान होतो. अशा वेळी घड्याळ थांबण्यापूर्वीच वेळ चुकवू लागते, आणि लोक म्हणतात, 'यंत्र गेले'.

मग किल्ली द्यावी की नाही? घड्याळ थांबलेले असेल तर जरूर द्यावी. मनगटावर चढवून हात हलवत बसल्याने ते सुरू होते खरे, पण शिल्लक नगण्य राहते. दुपारी झोपलात की पुन्हा थांबते. घड्याळ हातातून काढावे, किल्लीची गुंडी बाहेर न ओढता तशीच बाराच्या आकड्याच्या दिशेने वीस-तीस वेळा सावकाश फिरवावी, वेळ लावावी आणि मग घालावे. हातात असताना किल्ली देऊ नये. गुंडी तिरकी ओढली जाते आणि तिची बारीक दांडी वाकते. ज्यांचे काम बैठे आहे त्यांनी रोज सकाळी दहा-पंधरा वेढे दिले तर घड्याळाचे काही वाईट होत नाही. ज्यांचा हात दिवसभर चालतो त्यांनी देण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी. साध्या घड्याळात आपल्याला लहानपणी शिकवलेले असते की किल्ली घट्ट लागली की थांबावे, पुढे जोर केला तर कमान तुटेल. ते बरोबरच आहे. पण ऑटोमॅटिकमध्ये ती घट्ट लागतच नाही. कमानीचे बाहेरचे टोक डबीला पक्के अडकवलेले नसते. ते भिंतीला दाबून धरलेले असते आणि पीळ भरला की घासून सरकते. तसे नसते तर दिवसभर हलणाऱ्या हाताने कमान केव्हाच तोडली असती. आमचे एक स्नेही घट्ट लागण्याची वाट पाहत एका बैठकीत चहा निवेपर्यंत किल्ली फिरवत होते. घड्याळाचे काही बिघडले नाही, चहा मात्र गेला.

दुसरी गोष्ट, काही ऑटोमॅटिक घड्याळांना किल्लीने पीळ देण्याची सोयच नसते. सीको फाइव्हच्या पुष्कळ घड्याळांत किल्ली फक्त वेळ आणि तारीख लावण्यापुरती आहे. असे घड्याळ आडवे धरून अर्धा मिनिट हलक्या हाताने, सूप पाखडल्यासारखे झुलवावे. जोराने झटकू नये. ज्यांची गुंडी आट्यांची असते ती आधी उलटी फिरवून सैल करावी लागते आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा बसवावी लागते. ती उघडी राहिली तर पाणी तेथूनच शिरते.

तारखेच्या बाबतीत मात्र हट्टाने सांगावेसे वाटते. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ती वेळ असताना, किल्लीने तारीख पुढे सरकवू नये. त्या वेळी तारखेच्या चाकात आतला दात अडकलेला असतो. बाहेरून ढकलले तर तो मोडतो. बंद पडलेले घड्याळ दुपारचे थांबले की रात्रीचे हे तबकडीवरून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवत न्यावेत. तारीख बदलली की ती मध्यरात्र समजावी, तेथून काटे सकाळी सहावर आणावेत, तारीख लावावी, आणि मग खरी वेळ. एवढ्या एका सवयीने बरेच दुरुस्तीचे पैसे वाचतात.

ही कल्पना सुचली कोणाला? अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल गावच्या अब्राहम-लुई पेर्रले यांना तिचे श्रेय देतात. तेव्हाची घड्याळे खिशातली, आणि खिसा काही मनगटाएवढा हलत नाही. त्यामुळे ती कल्पना कौतुकापुरतीच राहिली. मनगटी घड्याळ रूढ झाले ते पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. जॉन हारवुड या इंग्रज कारागिराच्या ध्यानात आले, की दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल शिरते ती किल्लीच्या भोकातून. किल्लीच काढून टाकली तर? त्याने १९२४ साली याचे स्विस पेटंट मिळवले. त्याच्या घड्याळातले वजन दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आदळत अर्धवट फिरे. पूर्ण गोल फिरणारी चकती रोलेक्सने १९३१ साली आणली आणि पुढे सर्वांनी तीच वाट धरली. आमच्या दृष्टीने यातली मौजेची गोष्ट ही, की आळशी माणसाचे श्रम वाचावेत म्हणून हारवुडने हे केले नाही. धूळ आत जाऊ नये म्हणून केले.

आणि धूळ म्हटली की खानदेश आलाच. काळ्या जमिनीची फुफाटी, त्यात हंगामात सरकीपासून सुटलेल्या कापसाचे तंतू. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घड्याळात गुंडीभोवती जी करडी लुसलुशीत वात जमते ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. ती घामाबरोबर आत सरकते. रात्री घड्याळ काढल्यावर कोरड्या मऊ फडक्याने गुंडी आणि पाठीची कड पुसावी. पट्टा धातूचा असेल तर महिन्यातून एकदा तो वेगळा काढून दात घासण्याच्या जुन्या ब्रशने धुवावा. घड्याळ मात्र धुऊ नये. मागे 'वॉटर रेझिस्टंट' असे कोरलेले असले तरी आतली रबरी कडी दहा-वीस वर्षांत कडक होऊन तडकते. वडिलांच्या काळचे घड्याळ घालून तापीत बुडी मारणे म्हणजे ते तापीला वाहण्यासारखे आहे.

वैशाखातल्या उन्हाचेही तसेच. पूर्वी उष्णतेने केसकमानीची ताकद कमी होई आणि घड्याळ मागे पडे. शार्ल एदुआर गिय्योम या शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की त्यांतल्या एकापासून केलेली केसकमान उष्णतेने फारशी बदलत नाही. त्याबद्दलच्या संशोधनाला १९२० सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आज उन्हाने काटे चुकतील ही भीती फारशी नाही. आतले तेल मात्र गिय्योमने बदललेले नाही. ते दाण्याएवढेही नसते, आणि तापलेल्या पत्र्याच्या खिडकीत किंवा मोटारीच्या काचेमागे घड्याळ पडून राहिले तर पसरते आणि वाळते. तेल वाळले तरी घड्याळ काही दिवस चालतच राहते, हाच धोका. चालता चालता चाकांच्या आसाची टोके झिजत जातात. चार-पाच वर्षांनी एकदा उघडून सफाई करून घ्यावी, चालत असले तरी.

हातोडी, कुऱ्हाड, पहार यांच्या कामाच्या वेळी घड्याळ काढून ठेवावे. हालचाल हवी, आघात नको. आणि चुंबकापासून जपावे. लाउडस्पीकर, मोबाइलची चुंबकाने मिटणारी पाकिटे यांवर घड्याळ ठेवले तर केसकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. असे झाले तर घाबरून यंत्र बदलायला देऊ नये. चुंबकत्व काढण्याचे साधे उपकरण चांगल्या घड्याळजीकडे असते, काम क्षणाचे आहे.

श्रीमंतांसाठी रात्रभर घड्याळ फिरवत ठेवणारी विजेची पेटीही मिळते. आम्हाला तिचे प्रयोजन कळलेले नाही. थांबलेले घड्याळ झोपलेले आहे असे समजावे. त्याला झोपेत चालायला लावून त्याची चाके झिजवण्यात काय मिळते?

दिवसाला दहा सेकंदांची चूक झाली तर पुष्कळांना ती मोठी वाटते. दिवसाची सेकंदे ८६,४००. त्यांत दहा म्हणजे दहा हजारांत एकाच्या आसपास. इतका चोख हिशेब आपल्यापैकी किती जण ठेवतात? सेलवरचे क्वार्ट्ज घड्याळ याहून पुष्कळ अचूक असते, आणि अचूकताच हवी असेल तर तेच घ्यावे. पण यांत्रिक घड्याळाची थोडी चूक घरच्या घरी आवरता येते. रात्री ते एकदा तबकडी वर करून ठेवावे, एकदा गुंडी वर करून उभे ठेवावे, आणि सकाळी पाहावे. बऱ्याच घड्याळांची चाल ठेवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते; दिवसा पुढे जाणारे घड्याळ रात्री जेथे मागे पडते तेथे ठेवले की फिटंफाट होते.

आता जुन्या घड्याळांविषयी, कारण हल्ली कपाटे उघडून लोक तीच बाहेर काढत आहेत. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला १९६१ साली सुरू झाला. 'जनता' हे हाताने किल्ली देण्याचे, 'कांचन' हे ऑटोमॅटिक. आणि एक काळ असा होता की लग्नात जावयाच्या मनगटावर कांचन असले की वरपक्षाचे तोंड बंद. घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तेव्हापासून दुरुस्तीला लागणारे भाग मुख्यतः जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. बाजारात कमी किमतीला चकचकीत रंगीत तबकडीची 'जुनी' घड्याळे दिसतात, त्यांत कित्येक तुकडे जोडून, तबकडी नव्याने रंगवून केलेली असतात. ती घेण्यापेक्षा घरात पडलेले, काच ओरखडलेले खरे घड्याळ शंभरपटीने बरे. ते दुरुस्तीला देताना 'पॉलिश करा, तबकडी नवी करा' असे सांगू नये. फक्त सफाई आणि तेल म्हणावे. आणि पहिला प्रश्न घड्याळजीने नाही विचारला तर आपणच आपल्याला विचारावा : हे घालते कोण?

आमच्या घरी त्याचे उत्तर मिळाल्यावर पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आईने सकाळच्या चहाबरोबर वडिलांच्या घड्याळाला वीस वेढे देण्याचा परिपाठ ठेवला. ती मोठ्याने मोजत असे, म्हणजे वडिलांनाही ऐकू जाई. घड्याळ पुन्हा पहाटे थांबले नाही. वडील गोळ्यांविषयी दोनदा विचारायचे थांबले, आणि पुढच्या महिन्यात अमळनेरची गाडी त्यांना मिळाली. स्टेशनावर ते वीस मिनिटे आधी जाऊन बसले होते. आता ते घड्याळ आमच्या पुतण्याच्या हातावर आहे. तो दिवसभर हिंडतो, त्याला किल्ली द्यावी लागत नाही. दिवसाला सात-आठ सेकंद ते पुढे जाते. रविवारी तो ते लावून घेतो.